मोलीझे
मोलीझे : इटलीच्या दक्षिण-मध्य भागातील एक डोंगराळ प्रदेश. क्षेत्रफळ सु. ४,४६० चौ. किमी. याच्या वायव्येस आब्रूत्सी, आग्नेयीस आपूल्या, नैर्ऋत्येस कांपान्या, पश्चिमेस लात्स्यो व ईशान्येस एड्रिॲटिक समुद्र असून कांपोबास्सो ही राजधानी आहे. प्रशासकीय दृष्ट्या १९६३ मध्ये तो आब्रूत्सीपासून वेगळा झाला, तर इझेर्न्या हा त्यातील दुसरा प्रांत १९७० मध्ये अस्तित्वात आला.

ॲपेनाइन पर्वतरांगांनी प्रदेशाचा बराच भाग व्यापला असून दक्षिण सीमेवरील मातेसे गिरिपिंडाची उंची २,०५० मी. आहे. बीफेर्नो व त्रीन्यो या प्रमुख नद्या. ओक, बीच व फर यांच्या अरण्यांत रानडुक्कर व लांडगा आढळतात. कोल्लेमेलूच्चो-मोन्तेदिमेत्सो या वनप्रदेशास १९७७ मध्ये युनेस्कोने जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली.

इझेर्न्याजवळील ला पिनेता येथे सु. सहा लाख वर्षांपूर्वीच्या मानवी वस्तीचे अवशेष मिळाले आहेत. ऐतिहासिक काळात येथे ऑस्कन भाषा बोलणाऱ्या सॅम्नाइट लोकांचे वास्तव्य होते. पिएत्राबोन्दान्ते येथील त्यांचे मंदिर व नाट्यगृह यांचे अवशेष प्रेक्षणीय आहेत. रोमशी त्यांनी दीर्घकाळ झुंज दिली. इ. स. पू. ९१ मध्ये इटालिक जमातींनी नागरिकत्वाच्या हक्कासाठी केलेल्या उठावातही ते अग्रभागी होते. लांडग्याला शिंगांनी तुडविणारा बैल बंडखोरांच्या नाण्यांवर दिसतो. लांडगा हे रोमचे प्रतीक होय. इ. स. पू. ८२ मध्ये सलाने रोमच्या वेशीवर त्यांचा पराभव केला.

मोलीझेचे जीवन मेंढपाळीशी निगडित होते. हिवाळ्यात डोंगरांवर बर्फ पडत असल्याने कळप आपूल्याच्या मैदानात उतरत आणि उन्हाळ्यात परतत. या वाटांना ‘त्रात्तूरो’ म्हणतात. त्यांची विहित रुंदी सु. १११ मी. असे. पेस्कास्सेरोली ते कांदेला ही २११ किमी. लांबीची वाट रोमन काळातील सेपीनुम या नगरातूनच जाते. तेथील वेशीवर सु. इ. स. १७० चा एक शिलालेख आहे. सम्राटाच्या कळपांच्या मेंढपाळांना पळालेले गुलाम ठरवून अडविणाऱ्या व त्यांची जनावरे चोरीची म्हणून हिरावून घेणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्यांना त्यात सक्त ताकीद दिली आहे. फिरते मेंढपाळ व स्थायिक नागरिक यांतील तंट्याचा हा दुर्मिळ पुरावा होय.

मध्ययुगात येथे नॉर्मन सरदारांची सत्ता आली. प्रदेशाचे नाव त्यांच्यापैकी एका घराण्यावरून पडले असावे. १४४७ मध्ये नेपल्सचा राजा पहिला आल्फॉन्सो याने मैदानातील कुरणांवरील कराची व्यवस्था घालून दिली व मेंढपाळी हे राज्याच्या उत्पन्नाचे मोठे साधन बनले. ऑटोमन आक्रमणामुळे एड्रिॲटिक ओलांडून आलेल्या क्रोएशियन निर्वासितांचे वंशज तीन गावांत अद्याप आपली बोली टिकवून आहेत. १८०६ मध्ये फ्रेंच अमदानीत जुनी करव्यवस्था रद्द झाली. कुरणे नांगराखाली गेली, त्यामुळे कळपांची ये-जा घटत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून असंख्य लोकांनी अमेरिका खंडांत स्थलांतर केले. १९५१ मध्ये सु. चार लाख असलेली लोकसंख्या आता तीन लाखांहूनही कमी आहे.

येथील आहारावर मेंढपाळीची छाप आहे. ‘काचोकाव्हाल्लो’ हे चीज गाईच्या दुधाचे असून त्याचे गोळे दोन-दोन बांधून दांडीवर टांगतात व मुरवितात. मेंढीचे मांस कढईत दीर्घकाळ शिजवून केलेली ‘पेत्साता’, हाताने वळलेले ‘काव्हातेल्ली’ हे पास्ते, कवकवर्गीय ट्रफल व तिंतील्या द्राक्षांचे लाल मद्य हेही प्रसिद्ध आहेत. आन्योने हे गाव चर्चच्या घंटा ओतण्याच्या परंपरागत उद्योगाबद्दल ख्यातनाम आहे.

१९७६ मध्ये या वाटांना पुरातत्त्वीय वारसा म्हणून कायद्याचे संरक्षण मिळाले व २०१९ मध्ये युनेस्कोने मेंढपाळांच्या ऋतुकालीन स्थलांतराचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. वाटा अशा प्रकारे सुरक्षित झाल्या. तथापि त्यांवरून कळप नेणारे थोडेच उरले आहेत. डोंगरातील अनेक गावांतून तरुण वर्ग बाहेर जात असल्याने या वारशाचे जतन ही पुढील काळातील प्रमुख समस्या ठरली आहे.