क्लाराची बोटे

ओळखीतल्या घरची एक मुलगी आमच्या धारगळहून पणजीला कला अकादमीत पियानो शिकायला जाते. परवा त्यांच्याकडे गेले तर घरच्या छोट्या कीबोर्डवर एक उड्या मारणारी धून वाजवत होती. "कुणाची गं?" "शूमानची, मावशी. कामावरून आनंदात घरी येणारा शेतकरी आहे हा."

गोव्याला हे सूर परके नाहीत. चर्चच्या शाळांतून मुलांना सुरावट वाचायला शिकवायची रीत पोर्तुगीज काळापासूनची. १९५२ साली आंतोनिओ द फिगेरेदो यांनी संगीताची अकादमी काढली. तीच पुढे कला अकादमीचा पाश्चात्त्य संगीत विभाग झाली.

पण मी अडकले शूमानच्या बायकोत.

रॉबर्ट शूमान (१८१०–१८५६) जर्मनीतला. त्याला पियानोवादक व्हायचे होते, पण ऐन तारुण्यात उजव्या हाताचे बोट निकामी झाले. मग तो लिहू लागला. त्याच्या पहिल्या तेवीस क्रमांकांच्या सगळ्या रचना एकट्या पियानोसाठी आहेत. आता त्या लोकांपुढे वाजवणार कोण? त्याच्या गुरूची मुलगी क्लारा. ती नवव्या वर्षापासून मंचावर वाजवत होती. बापाचा लग्नाला कडवा विरोध. प्रकरण कोर्टात गेले आणि १८४० मध्ये, क्लाराच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, लग्न लागले.

पुढचे आपल्याला सांगायला नको. आठ बाळंतपणे. भिंती पातळ, म्हणून नवरा लिहायला बसला की हिने पियानोला हात लावायचा नाही. सराव मागे पडतोय, ही खंत तिने दोघांच्या रोजनिशीत लिहून ठेवली आहे. थोरली मारी सात वर्षांची झाली, तेव्हा रॉबर्टने तिच्या वाढदिवसासाठी छोट्या धुना लिहिल्या. त्यांतूनच १८४८ मध्ये मुलांसाठीचा त्रेचाळीस तुकड्यांचा संग्रह झाला. आनंदी शेतकरी त्यातलाच.

१८५४ मध्ये रॉबर्टला मनोरुग्णांच्या इस्पितळात ठेवावे लागले. डॉक्टरांनी तिला दोन वर्षांहून अधिक काळ भेटू दिले नाही; भेट झाली ती शेवटच्या दोन दिवसांत. पदरात सात मुले. क्लाराने गावोगावी मैफली करून घर चालवले, आणि नवऱ्याच्या रचना लोकांच्या कानी घातल्या. त्याच्या सगळ्या संगीताची छापील आवृत्तीही तिनेच सिद्ध केली. तिची स्वतःची संगीतरचना मात्र त्या काळापासून जवळजवळ थांबली.

नाव शूमानचे झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. पण त्याला ज्या बोटांनी जगवले, त्यांनाही स्वतःचे काही सांगायचे होते, हे विसरू नये.

मुलगी तीच धून पुन्हा वाजवत होती. बाहेरच्या खोलीत बातम्या चालू होत्या. कुणीतरी उठून मधले दार ओढून घेतले. तिने आवाज कमी केला. मी तिला म्हटले, "बाय, दार उघड. आणि तुझी स्वतःची एखादी धून आहे का गं?"