सोर्स कोड ते पॅकेज

मुक्त सॉफ्टवेअरचा सोर्स कोड कोणालाही वाचता येतो, हे त्याचे मोठे बलस्थान मानले जाते. मात्र संगणकावर प्रत्यक्ष चालतो तो सोर्स कोड नव्हे. तो कंपायलरमधून यंत्रभाषेत उतरतो, आवश्यक लायब्रऱ्यांशी जोडला जातो आणि पॅकेजच्या रूपाने वापरकर्त्यापर्यंत पोहोचतो. या मधल्या टप्प्यांकडे सहसा कोणाचे लक्ष नसते.

लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रॅमना लागणारा, एकदाच लिहून ठेवलेला कोड. लिनक्सवर बहुतेक लायब्रऱ्या सामायिक असतात. त्या प्रोग्रॅमच्या पोटात भरल्या जात नाहीत, तो सुरू होताना त्याला जोडल्या जातात. त्यामुळे लायब्ररीतील दोष एकदा दुरुस्त केला की तिच्यावर अवलंबून असलेल्या साऱ्या प्रोग्रॅमना लाभ होतो. अर्थात तिच्यात विष कालवले गेले, तर तेही सर्वत्र पोहोचते.

१९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियनमध्ये एकाच लायब्ररीची साधारणपणे दोन पॅकेजे असतात. एक प्रोग्रॅम चालवण्यासाठी, तर दुसरे कंपाइल करण्यासाठी लागणाऱ्या हेडर फाइलींचे. ‘लायब्ररी तर संगणकावर आहे, मग कंपायलरला का सापडत नाही?’ हा नवशिक्यांना हमखास पडणारा प्रश्न. दुसरे पॅकेज नसणे हेच त्याचे नेहमीचे उत्तर. कंपाइल करताना काय काय लागेल, याची यादी पॅकेज बांधणाऱ्याला ‘कंट्रोल’ नावाच्या फाइलीत लिहावी लागते. चालताना लागणाऱ्या सामायिक लायब्रऱ्या मात्र तयार झालेला प्रोग्रॅम तपासून आपोआप नोंदवल्या जातात.

ही साखळी किती नाजूक आहे, हे मार्च २०२४ मध्ये दिसले. पोस्टग्रेसचे विकासक आंद्रेस फ्रॉइंड यांना डेबियनच्या अस्थिर शाखेवर एसएसएचने लॉगिन होण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे जाणवले. शोध घेता घेता ते एक्सझेड या फाइल-संकोचनाच्या सॉफ्टवेअरपाशी पोहोचले आणि २९ मार्च रोजी त्यांनी हा प्रकार जाहीर केला. त्याच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट ठेवलेली होती. ती ठेवणारी ‘जिया तान’ या नावाने वावरणारी व्यक्ती दोन वर्षांहून अधिक काळ प्रकल्पात काम करून विश्वास संपादन करत आली होती.

घातक भाग चाचणीसाठीच्या म्हणून ठेवलेल्या बायनरी फाइलींत दडवलेला होता. त्याला जागे करणारी स्क्रिप्ट सर्वांना दिसणाऱ्या गिट भांडारात नव्हतीच. ती फक्त प्रकाशित केलेल्या संकुचित संचात होती. डेबियन किंवा आरपीएम पद्धतीचे पॅकेज बांधले जात असेल, तरच ती आपले काम करी. म्हणजे गिटमधून कोड घेऊन घरी कंपाइल करणाऱ्याला काहीच आढळले नसते.

विशेष म्हणजे ओपनएसएसएचला एक्सझेडची गरजच नाही. डेबियन, फेडोरा आदींनी सिस्टिमडीला ‘सेवा सुरू झाली’ एवढा निरोप देण्यासाठी त्यात आपली जोड घातली होती. त्यासाठी सिस्टिमडीची लायब्ररी आली आणि तिच्यामागून एक्सझेडची. एका निरोपापोटी केवढे हे अवलंबित्व!

सुदैवाने ही आवृत्ती डेबियनच्या स्थिर शाखेत पोहोचली नव्हती. एकाच कोडपासून कोणीही हुबेहूब तेच पॅकेज बांधू शकावे, यासाठी डेबियनमध्ये २०१३ पासून प्रयत्न सुरू आहेत. ते मोलाचे असले तरी येथे अपुरे ठरले असते, कारण दूषित संचातून प्रत्येकाला दूषित पॅकेजच हुबेहूब मिळाले असते. संचाची गिटमधील कोडशी तुलना ही वेगळीच तपासणी आहे. पुढे ओपनएसएसएचने ९.८ या आवृत्तीत तो निरोप देण्याची सोय स्वतःच्याच कोडमध्ये केली. त्यासाठी सिस्टिमडीची लायब्ररी आता लागत नाही.