चवदार तळ्याच्या आठ दिवस आधी

20 मार्च आला की आपण महाडला जातो, क्रांतिस्तंभाला अभिवादन करतो. पण त्याच्या आठच दिवस आधी, 12 मार्च 1927 रोजी, बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात काय बोलत होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

ते शिक्षणाच्या खर्चावर बोलत होते, आकडे मांडून. प्राथमिक शाळेत दाखल झालेल्या 100 मुलांपैकी चौथीपर्यंत पोहोचतात फक्त 18. उरलेली 82 पुन्हा निरक्षर होतात. सरकार शिक्षणावर माणशी 14 आणे खर्च करते आणि दारू-अबकारीतून माणशी दोन रुपयांवर वसूल करते. दर हजारी प्राथमिक शाळेत पुढारलेल्या हिंदूंची 119 मुले, मागासवर्गीयांची 18. सरासरी काढली असती तर हे 18 त्यात बुडून गेले असते. वर्गवार मोजले म्हणूनच अन्याय दिसला.

महाडने हा अन्याय आधीच पाहिला होता. सत्याग्रहाचे एक शिल्पकार रा. बा. मोरे यांना लहानपणी महाडच्याच शाळेने अस्पृश्य म्हणून प्रवेश नाकारला. त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिले, तेव्हा दार उघडले. पण एका मोऱ्यांचे पत्र पोहोचले. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांची नोंद कुठे आहे?

आजही प्रश्न तोच आहे. वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाची मुले हजेरीपटावर असतात, वर्गात नसतात. गुन्ह्यांचे सरकारी आकडे फक्त नोंदलेले गुन्हे मोजतात. जिथे पोलीस ठाणे दूर आणि भीती जवळ, तिथे ‘शून्य’ म्हणजे सुरक्षितता नव्हे. 2021 च्या जुलैत महाडच्या तळीयेवर, पोलादपूरच्या वाड्यांवर दरडी कोसळल्या. अशा वेळी कोणते मूल पोरके झाले, कोणाची शाळा सुटली, हे वाडीवार ठाऊक नसेल तर बालकल्याण समिती निर्णय कशाच्या आधारे घेणार?

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. ग्राम बालसंरक्षण समितीची बैठक कागदावर नको, गावात हवी. स्थलांतर, गळती, बालविवाह यांची जातवार, वाडीवार मोजणी हवी. आकडे सर्वांसमोर यावेत. मुलांची नावे मात्र गुप्त राहावीत, बाल न्याय कायदाही तेच सांगतो. आणि मोजून थांबायचे नाही. बाबासाहेबांनी आकडे मांडले आणि आठ दिवसांत तळ्यावर पोहोचले.

जय भीम!