पाच पैशांचं जादा तिकीट

आमच्या मीरा-भाईंदरमध्ये जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहताहेत. घर रिकामं करताना माळ्यावरची ट्रंक खाली येते आणि आतली पत्रं थेट रद्दीत जातात. म्हणून नातेवाईक मंडळींना वेळीच सांगून ठेवतो... १९७१ ते १९७३ मधली पाकिटं दिसली तर जरा थांबा!

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यांच्या मदतीसाठी सरकारने १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैसे जादा आकार लावला. तो ३१ मार्च १९७३ पर्यंत चालला. पोस्टकार्डाला मात्र सूट होती. साध्या पाकिटाला तेव्हा २० पैसे पडत, म्हणजे चांगली चौथाईची वाढ!

पण या आकाराचं वेगळं तिकीट तयारच नव्हतं. मग चालू असलेल्या पाच पैशांच्या कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच 'रेफ्युजी रिलीफ' अशी अक्षरं छापली. यालाच संग्राहक ओव्हरप्रिंट म्हणतात. हिंदी-इंग्रजी छपाईच्या तिकिटांबरोबरच बंगलोर, जयपूर, दिल्ली आणि गोवा इथे स्थानिक छपाई झाली. म्हणून अक्षरांचे नमुने वेगवेगळे. गोवा मुक्त होऊन तेव्हा दहा वर्षंही पुरी झाली नव्हती, आणि तिथलं पोस्ट दुसऱ्यांच्या निर्वासितांसाठी पैसे गोळा करत होतं. पुढे १ डिसेंबरला निर्वासितांचं चित्र असलेलं खास तिकीट आलं. दोनच दिवसांनी युद्ध पेटलं.

मला या तिकिटातली एक गोष्ट राहून राहून जाणवते. खाली छोट्या, सुखी कुटुंबाचा संदेश आणि वर घरदार सुटलेल्यांसाठी मदत! मुद्दाम कोणी असं योजलं नव्हतं, घाईत जे हाताशी होतं ते वापरलं. पण त्या घाईतच तो काळ उमटलाय.

आता कामाची गोष्ट. अशी तिकिटं पाकिटावरून कापू किंवा भिजवून सोडवू नका. सुट्ट्या तिकिटावर रबरी शिक्का मारून नकली माल करणं सोपं असतं. अख्ख्या पाकिटावर पोस्टाच्या शिक्क्यातली तारीख असते, गाव असतं, पत्ता असतो. पैशात त्याची किंमत फारशी येणार नाही, हेही सांगून ठेवतो. पण आपल्या आजी-आजोबांनी खुशालीच्या पत्राबरोबर कुणा अनोळखी माणसांसाठी पाच पैसे दिले होते, याचा कागदी पुरावा घरात असावा की नको?

असो. ट्रंक उघडलीत तर कळवा.