वायुदूत : डोंगरांसाठी निघालेली विमानसेवा

वायुदूत जन्माला आली ती नकाशातल्या अडचणीतून. फाळणीनंतर ईशान्य भारत उरलेल्या देशाशी सिलिगुडीजवळच्या चिंचोळ्या पट्टीनेच जोडलेला राहिला. कोलकात्याहून त्रिपुरातल्या कैलाशहरला जमिनीवरून जायचं, तर अख्ख्या बांगलादेशाला वळसा घालून आसाममार्गे खाली यावं लागे. अरुणाचलात शेजारच्या खोऱ्यात जायलाही अनेकदा आधी आसामच्या मैदानात उतरावं लागायचं. या भागात धावपट्ट्या होत्या, त्यातल्या कित्येक दुसऱ्या महायुद्धाच्या वेळच्या. पण इंडियन एअरलाइन्स तोवर बोइंग ७३७ कडे वळली होती, आणि त्या जेट विमानांना एवढ्या तोकड्या पट्ट्या पुरत नव्हत्या.

म्हणून जानेवारी १९८१ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांनी भागीदारीत वायुदूत काढली. सुरुवात जुन्या फॉकर विमानांवर झाली. पुढे आलं डॉर्निअर २२८. मूळ जर्मन बनावटीचं हे एकोणीस आसनी विमान हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कानपूरच्या कारखान्यात परवान्याखाली तयार होऊ लागलं होतं. दोन पंखे, आखूड धाव, साध्यासुध्या पट्टीवरही उतरण्याची तयारी. डोंगरातल्या कामाला याहून योग्य विमान तेव्हा देशात दुसरं नव्हतं, असं माझं मत आहे.

मग प्रत्येक राज्याला वायुदूत हवीशी झाली. खासदारांच्या मागण्या वाढल्या आणि ईशान्येसाठी निघालेली सेवा देशभर पसरली. आपल्याकडे कोल्हापूरलाही आली. ऐन भरात ठिकाणांची संख्या शंभराच्या आसपास गेली. गणित मात्र कुठेच जुळत नव्हतं. वैमानिक दोन लागतातच, मग प्रवासी एकोणीस असोत की सव्वाशे. इंधन, देखभाल, विमानतळाचा खर्च हे सगळं त्या मोजक्या तिकिटांवर पडायचं आणि त्यातल्याही काही जागा रिकाम्या जायच्या. जिथे रेल्वे आणि एसटी होती, तिथे प्रवाशाचं वायुदूतवाचून अडत नव्हतं.

अपघातांनीही घाव घातले. १९ ऑक्टोबर १९८८ रोजी गुवाहाटीजवळ फॉकर कोसळून ३४ जण गेले. सप्टेंबर १९८९ मध्ये पुण्याहून हैदराबादला निघालेलं डॉर्निअर इंदापूरजवळ उजनीच्या जलाशयात पडलं. आतले अकराही जण दगावले.

१९९३ मध्ये वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करण्याचं ठरलं आणि १९९७ पर्यंत ती पुरती संपली.

तोट्यामुळे बुडाली, असं म्हणून तिला निकालात काढणं मला अन्यायाचं वाटतं. डोंगरातला तोटा सरकारने रस्त्याच्या खर्चासारखा उघडपणे सोसायला हवा होता. मैदानातल्या हौसेच्या फेऱ्या सुरूच करायला नको होत्या. २०१७ पासून ‘उडान’ योजनेत छोट्या मार्गांना ठरावीक मुदतीपुरतं अनुदान मिळतं. आपल्या गावासाठी विमान मागताना, त्या मुदतीनंतरचा खर्च कोण देणार हेही लोकप्रतिनिधींना आधीच विचारून घ्या.