४११०२६ (संख्या)

भोसरी औद्योगिक वसाहतीच्या टपाल कार्यालयाचा पिन कोड असलेली सहा अंकी सम संख्या. टपाल खात्याची पिन पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची; ते संस्कृतचे कवी आणि दळणवळण मंत्रालयातले अधिकारी होते. पहिले तीन अंक, ४११, पुण्याचे. पुढचे ०२६ टपाल कार्यालयाचे. म्हणजे संख्या ठरली ती पत्रांच्या सोयीने, गणिताचा विचार करून नव्हे.

मूळ अवयव : २ × ७ × ११ × १७ × १५७. एकही अवयव दुसऱ्यांदा येत नाही, म्हणून विभाजक ३२. संख्या स्वतः वगळून बाकीच्या विभाजकांची बेरीज ४०८०४६ होते. परिपूर्ण संख्या ठरायला २९८० कमी पडतात. तूट एक टक्क्याच्याही आत आहे.

खरे महत्त्व दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्या दोन कल्पनांमुळे. डहाणूला १९०५ साली जन्मलेले, देवळालीच्या शाळेत आयुष्यभर शिकवणारे हे शिक्षक ६१७४ या स्थिरांकासाठी जगभर ओळखले जातात. देवळाली नाशिकजवळ आणि भोसरी पुणे-नाशिक रस्त्यावर, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

पहिली कल्पना हर्षद संख्येची : आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणारी संख्या. ४+१+१+०+२+६ = १४, आणि ४११०२६ ÷ १४ = २९३५९.

दुसरी स्वयंभू संख्येची, आणि ती अधिक सुंदर. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. २१ पासून २४. जिला असा जनक नाही ती स्वयंभू. शंभराच्या आत अशा तेराच आहेत : १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. ४११०२६ चा जनक असलाच, तर त्याला नऊने भागून बाकी ७ उरायला हवी. शिवाय याहून लहान कोणत्याही संख्येच्या अंकांची बेरीज ४८ च्या वर जात नाही, त्यामुळे शोध फार मागे न्यावा लागत नाही. उमेदवार पाचच : ४११०१९, ४११०१०, ४११००१, ४१०९९२, ४१०९८३. त्यांच्यापासून अनुक्रमे ४११०३५, ४११०१७, ४११००८, ४११०१७, ४११००८ मिळतात. ४११०२६ कुठेच नाही. संख्या स्वयंभू ठरते. एवढी सिद्धता सातवीतले मूलही वहीवर करू शकते, आणि कापरेकरांच्या गणिताचे मोठेपण नेमके यातच आहे.

कापरेकर क्रिया (अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी) केली तर ६४२११० − ०११२४६ = ६३०८६४ पासून सुरुवात होते. बाराव्या पायरीला ८५१७४२ येते आणि पुढे सात संख्यांचे चक्र अखंड फिरत राहते. चार अंकी संख्यांना ६१७४ मिळते, तसा एकच मुक्काम सहा अंकी संख्यांना नाही.

शेजारच्या भोसरी गावाचा पिन ४११०३९. त्याच्या अंकांची बेरीज १८ आणि संख्या विषम, म्हणून ती हर्षद नाही; ४११०३० + ९ = ४११०३९, म्हणून स्वयंभूही नाही.