इसब समजून सोडून दिलेली खूण

समजा, पिंपळगाव राजाच्या एखाद्या बाईच्या एकाच स्तनाग्राला खाज सुटलीय, खपल्या धरल्यात. ती मलम लावते. आपणही आधी इसबच म्हणू ना?

१८७४ साली लंडनच्या जेम्स पॅजेट यांनी अशा सुमारे १५ स्त्रियांची नोंद छापली. कातडीचं वर्णन लिहून ते थांबले नाहीत, पुढे काय झालं तेही पाहिलं. दोन वर्षांच्या आत प्रत्येकीला स्तनाचा कॅन्सर झाला होता.

इथे एक लक्षात घ्या. ती कातडी स्वतः कॅन्सरची आहे, असं पॅजेटना वाटलं नव्हतं. तिच्यातच कॅन्सरच्या पेशी असतात, हे नंतर सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. म्हणजे अर्थ अपुरा होता, पण नोंद पक्की होती. म्हणून ती टिकली.

आपल्याकडे खेड्यांतल्या कॅन्सरची पहिली पद्धतशीर नोंदणी बार्शीत सुरू झाली, तीही १९८७ साली. त्याआधी खेड्यात किती जणींचं ‘इसब’ नोंदीविनाच गेलं असेल!

म्हणून तुमच्या तक्त्यात ‘कसं दिसतं’शेजारी ‘पुढे काय झालं’ हा रकाना ठेवाच. आणि घरात कुणाचं असं इसब मलमाने हटत नसेल, तर खामगावला दाखवा. बायोप्सीबद्दल स्वतःहून विचारा.